टीव्हीवरचा चेअरमन

“त्यो मीच हाय,” सुंदरराव आप्पा म्हणाले. “तसंच छापा.”

उत्तरेश्वरनं अजून पेनाचं टोपणही काढलं नव्हतं. टीव्हीवरच्या कार्यक्रमांचं परीक्षण लिहिणं, एवढंच काम साप्ताहिकात त्याच्याकडे उरलं होतं. गेल्या उन्हाळ्यात त्यानं दूध संघाच्या चारा छावणीवर लिहिलं होतं. संघाचे चेअरमन आप्पा. साप्ताहिकाच्या मालकानं तो मजकूर उभ्यानं वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, तू आता टीव्ही बघत जा.

म्हणून त्यानं काल संध्याकाळी ‘थेट चावडी’ बघितली. मुंबईहून थेट, समोर प्रेक्षक बसवून. पहिली दोन प्रहसनं रद्दी. बाप्यांनी लुगडी नेसून नाचायचं आणि सासूला शिव्या द्यायच्या. तिसरं मात्र छावणीचं निघालं. जाकिटातला एक चेअरमन, आणि दोन नटांनी मिळून केलेला एक बैल. तपासणीला साहेब आले की बैल पुढून मोजून घ्यायचा, मांडवामागून पळत येऊन पुन्हा मोजून घ्यायचा. पळून पळून तो पडला. हजेरी पुकारली तेव्हा चेअरमननं त्याला शेपटीला धरून उठवायला बघितलं, तर शेपटीच तुटून हातात आली. हे ठरलेलं नव्हतं. थेट कार्यक्रम, थांबायची सोय नाही. नटानं शेपटी शांतपणे खिशात घातली आणि मेलेल्या बैलाच्या वतीनं स्वतःच म्हणाला, “हजर.” प्रेक्षक लोळले. उत्तरेश्वरही हसला आणि मग स्वतःवरच चिडला. कार्यक्रमातलं सगळ्यात खरं काय, तर ती खिशात गेलेली शेपटी, असं तो लिहिणार होता. आज सकाळी लिहायला बसला, तेवढ्यात आप्पांची गाडी त्याला न्यायला आली.

“बबनराव सकाळधरनं फटाके वाजवतोय,” आप्पा म्हणाले. “चकलांब्याच्या फाट्यावर ब्यानर लावलाय. म्हणं टीव्हीवर दावलेला चेअरमन त्योच. मुंबईपातुर नाव गेलं म्हणून लोक हार घेऊन चाललेत त्येच्याकडं. इकडं संघाची निवडणूक तोंडावर आलीय, आन त्यो माज्या इरोधात हुबा. आरं, त्येनं कवा छावणी काढलती का? कुत्रं सोडून जनावर पाळलं न्हाई त्येनं.”

“आप्पा, पण त्यात चेअरमन चोर दाखवलाय.”

“मग? मुंबईवाले कुणालाबी चोर दावीत न्हाईत. त्येला बी मानूस मोठा असावा लागतोय.”

उत्तरेश्वरनं टोपण काढलं.

“तपासणीला जनावरं फिरवून मोजली, ते तुमचंच?”

“माजंच. त्या येड्यांनी एकच बैल फिरवला. आमी आख्खी दावण फिरवलीती. लिवा.”

“बैल उपाशी मेला?”

“मेला की. पण लोक लई हसले, ते आदी लिवा.”

उत्तरेश्वर भराभर लिहीत होता. मालकानं खिशात घातलेला मजकूर आज आप्पा स्वतःच्या तोंडानं सांगत होते, सोफ्यावर मांडी घालून, चहात खारी बुडवत. मालकाला त्यांनी आधीच फोन केला होता. पहिल्या पानावर घे म्हणून.

“एखादा साक्षीला पाहिजे, आप्पा,” उत्तरेश्वर म्हणाला. “नाहीतर बबनराव म्हणेल, हे सगळं खोटं.”

आप्पांना ते पटलं. त्यांनी दाराकडे बघितलं. पायरीवर आश्रुबा बसला होता. वस्तीवर टँकर मागायला तो सकाळीच येऊन बसला होता. वर या असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

“ये बे आश्रुबा, वर ये. काल टीव्ही बघितला का?”

“लाईट न्हवती,” आश्रुबा चपला काढून वर येत म्हणाला.

“बरं. टीव्हीवर एक बैल मेला. ह्या पेपरवाल्याला सांग, तुजा बैल कुटं मेलता?”

आश्रुबानं आधी आप्पांकडे बघितलं, मग उत्तरेश्वरच्या हातातल्या पेनाकडे.

“घरी.”

“घरी कावून? छावणीत मेलता की. मी हुबा होतो तितं.”

“घरीच मेला, आप्पा. म्हातारा झालता. तहसीलदारापुढं तुमी मला असंच बोलायला लावलंतं. मी बोललो. माजी बायकू रतनबाई बी बोलली.”

“ते तवाचं तवा. आता खरं सांग. सांगितलं की टँकर धाडतो.”

“सांगा मामा,” उत्तरेश्वर म्हणाला. “मी लिहून घेतो. पानभर छापतो.” बोलताना घाई झाली. आपला आवाज आप्पांच्याच आवाजासारखा लागला, हे त्याला कळलं, पण पेन त्यानं खाली ठेवलं नाही.

आप्पांनी उरलेली खारी तोंडात टाकली.

“सांग की बे. भ्यायचं काय त्येच्यात? मीच सांगाया लागलोय.”

आश्रुबा मागं फिरला. पायरीवर जाऊन त्यानं चपला शोधल्या, एकेक करून पायात घातल्या. टँकरचं त्यानं पुन्हा काढलं नाही.

“मेल्यावर त्येला छावणीतनं वढत आनून तुमच्या मानसांनी माज्या दारात टाकला,” तो म्हणाला. “आता परत छावणीत न्यायचा म्हंता. मला न्हाई वढवत, आप्पा. तुमी दोघं न्या.”