कीर्तनाची जागा

पेणच्या खाडीकाठी देवळाचं सभागृह उभं राहताना पुतळीमावशीने मिठागराचं काम सुटल्यावर डोक्यावरून रेती वाहिली होती, तीही कीर्तनासाठी. शहाण्या पंचांनी ते सरकारी कचेरीला भाड्याने दिलं आणि कीर्तन अकरा वर्षं मांडवात ताटकळलं. आता सरकार भाड्याच्या जागा सोडून स्वतःच्या इमारती घेणार, असं कळताच मावशी रोह्याच्या बुवांना सप्ताहाचं आवतण देऊनच आली.

"बुवांना थांबव गो पुतळे," मुख्य पंच दाजी पान चघळत म्हणाले. "सरकारने आपलंच सभागृह विकत घेतलं."

"म्हंजे तुम्ही इकलंत! नि कीर्तन काय तुमच्या टकलावर करायचं?"



"तिथंच करू की! सरकारकडून भाड्याने घेऊ."