पायनांगराची जोडी

पायनांगराला दोन गडी लागतात. शेजारी उभं राहून दोघांनी एकदम पाय दाबला, तरच डोंगरातल्या मातीचं ढेकूळ सुटतं आणि मागून बाई ते ढेकूळ उलथते. सेल्सोचा जोडीदार तापानं पडला. बटाटे लावायचे दिवस निघून चालले होते, आणि सख्ख्या भावाशी, रुफिनोशी, त्याचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. शेवटी सेल्सोची बायको निकोलासा दिराच्या दारात जाऊन खोटंच बोलली, "भाऊजी, यांनी बोलावलंय."

सकाळी रुफिनो शेतात हजर झाला. सेल्सोला वाटलं, आपणहून आला. दोघं शेजारी उभं राहून पाय दाबत राहिले. खोटं उघडं पडेल या धास्तीनं निकोलासा दोघांच्या तोंडाकडं बघत ढेकळं उलथत होती.

दुपारी सेल्सोनं चघळायची कोकाची पानं भावापुढं धरली. "अजून पाय उशिराच टाकतोस तू."

"तूच घाई करतोस," म्हणत रुफिनोनं पानं घेतली.

निकोलासाचा निम्मा जीव भांड्यात पडला. सेल्सो पाणी आणायला ओढ्यावर गेला, तसा रुफिनो हळूच म्हणाला, "वहिनी, त्यानं बोलावलं नव्हतं ना?"

तिनं मान खाली घातली.

"तुम्ही दारात आलात तेव्हाच ओळखलं मी," रुफिनो हसला. "कुणीतरी असं खोटं बोलायला येईल, याचीच तर तीन वर्षं वाट बघत होतो."