चकलांब्याचा शंख

रविराजनं शंख सातव्यांदा मोजला. उंची एकतीस मिलिमीटर, वळणं सहा, तोंडाची कड एका जागी फुटलेली. शंख काय वाढणार होता थोडाच! पण उद्या पुण्याच्या जीवाश्मतज्ज्ञ मॅडम जागा बघायला चकलांब्याला येणार होत्या, आणि त्याच्या हाताला चैन नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी इथेच चकलांब्यात, सासुरवाडीची विहीर खोल करताना यारीच्या बकेटमधून हा दगड वर आला होता. रविराजनं तो दात घासायच्या ब्रशनं धुतला आणि भिंगाखाली धरला. दगड झालेली गोगलगाय होती ती, आणि तिच्या तोंडाशी पन्हाळीसारखी खाच होती. अशी खाच समुद्रातल्या गोगलगायींना असते. आता बीड जिल्ह्यात समुद्र कुठून यायचा? पण कधीकाळी आला असेल, तर ही जात जगाला नवी होती. नावही ठरलं होतं, चकलांबेन्सिस. गावानं तर सत्काराला मंडपवालासुद्धा सांगून ठेवला होता.

पाटोद्याच्या कॉलेजात रविराज नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होता. पीएचडी झाली तर कायम होणार, नाही झाली तर जूनपासून घरी. मुदत महिनाअखेर संपत होती. नवी जात दे, प्रबंध पास, असं गाईड म्हणाले होते. नव्या जातीला नुसते फोटो चालत नाहीत, मूळ नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो. तो जगात एकच होता, रविराजच्या खिशातला.

एक कुसळ मात्र सलत होतं. शंख चाळीस फुटांवरच्या खडकातून निघाला, असं त्यानं बिनदिक्कत लिहून टाकलं होतं. मेहुणा बंकट तर म्हणाला होता, दाजी, बकेटीत गाळबी हुता अन् खडकबी, कुठलं काय मला काय ठावं! म्हणून रविराजनं गाळाच्या ढिगाऱ्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. मॅडमना सगळं जसंच्या तसं दाखवायचं होतं.

बंकटची आई केसरबाई चहा घेऊन आली. रविराजची ती चुलतसासू, बायकोची काकू. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण जावई काय मोजतोय ते तिला बघायचं होतं. तिनं शंख हातात घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"ह्यो तर माझा देव हाय, जावई," ती म्हणाली. "चक्र हाय, कडंला टवका हाय. मालक गेले त्या साली मीच हिरीत सोडलता."

मग तिनं सगळं सांगितलं. आजेसासऱ्यानं लांबच्या यात्रेतून आणलेला तो दगड. देवघरात पडला, टवका उडाला. खंडित देव घरात ठेवत नाहीत, म्हणून तिनं तो कुणाला न सांगता पाण्यात सोडला.

रविराजनं शंख परत हातात घेतला. म्हणजे समुद्र इथला नव्हताच, यात्रेतून आला होता.

कुणाला सांगणार का, असं त्यानं चाचरत विचारलं. मी कशाला सांगू, म्हणाली ती. तुमचं काम होऊ द्या, मग देव मला द्या, गंगेत सोडू. इतकं सरळ. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. ह्याच्या नशिबी दोन्हीकडे विहीरच.

त्यानं बायकोला, विजयमालाला बाजूला बोलावलं. कळणार कुणाला, असं तिनं विचारलं.

"पुस्तकात गेलं की पोरं शंभर वर्षं पाठ करतील," तो म्हणाला. "खोटं."

मग तिनंच त्याच्या हातात फोन दिला. शंख यात्रेतला निघाला, येऊ नका, असं त्यानं मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, निदान नमुना तरी बघू द्या. त्यानं नको म्हटलं, आणि खडकाबद्दलचं ते एक वाक्य खात्री नसताना लिहिल्याचंही कबूल केलं. मग गाईडना फोन लावला, त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला.

शंख खिशात राहिला तर आपलं मन फिरेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं तडक मोटरसायकल काढली, काकूला मागं बसवलं आणि गोदावरीकाठचं राक्षसभुवन गाठलं. होडी पार मधोमध नेली. काकूनं हात जोडले, त्यानं शंख सोडला.

परत येईपर्यंत चार वाजले. नोकरी घालवून आलेल्या माणसाला एवढं हलकं वाटावं, याची त्याला लाज वाटली, पण वाटत होतं खरं. आता मॅडम येणार नव्हत्या, म्हणून बंकटनं गाळाचा ढिगारा शेतात पसरायला घेतला होता. आईला बघून तो आला आणि फावड्याला लागलेला एक काळा दगड तिच्या हातावर ठेवला. दोन्ही अंगांनी सपाट, मधे वेटोळं, कडेला टवका.

काकूनं अंगठा फिरवला. थांबली, पुन्हा फिरवला. मग दगड कपाळाला लावला.

"जावई, माझा देव तर ह्यो हाय," ती म्हणाली. "मंग मघाशी गंगंत काय सोडलं आपण?"