कर्ता कोण?

"छडी मारली गेली," ग्रॅनम सर म्हणाले. "हाताला सूज आली. झालं ते वाईटच झालं."

टेबलासमोर दुलारी बिसेसर उभी होती. न्यू ॲम्स्टरडॅमच्या बाजारातली कोळंबीची पाटी तशीच टाकून ती शाळेत आली होती. शेजारी तिची बारा वर्षांची रोशनी. तिचा उजवा पंजा पावासारखा फुगला होता.

"मारली कोणी, सर?"

सर खुर्चीत रेलले. बर्बीस भागातल्या या शाळेत त्यांनी उभं आयुष्य इंग्रजी व्याकरण शिकवण्यात घालवलं होतं, आणि पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे त्यांचा जीव की प्राण. 'कुत्रा माणसाला चावला' हे गावंढळ वाक्य. 'माणूस चावला गेला' हे सभ्य माणसाचं. बिचाऱ्या कुत्र्याचं नाव कशाला घ्या? मुख्याध्यापक झाल्यापासून तर ते असंच बोलत. छप्पर दुरुस्त केलं गेलेलं नसे. सहल रद्द केली जाई. कोणी केली, असं विचारणाऱ्या मास्तरची लांबच्या नदीकाठी बदली केली जाई. मग विचारणारे संपले.

काल रोशनीने मात्र विचारलं होतं. फळ्यावरच्या वाक्यातून कुत्रा काही ती पुसेना. "पण मग चावलं कोण, ते कळणार कसं, सर?" वर्ग खदखदून हसला, आणि सरांनी छडी उचलली.

"अगं दुलारी, तूही माझ्याच वर्गात होतीस," सर आता मायेने म्हणाले. "कर्ता सांगायची गरज नसते. तुझ्या डोक्यात ते कधी शिरलंच नाही."

"आत्ता शिरलं," दुलारी म्हणाली. टेबलावरून वाकून तिने सरांच्या कानाखाली अशी काही ठेवून दिली की चष्मा उडून कपाटाखाली गेला.

बोलाचाली ऐकून शिक्षक आधीच दाराशी जमलेले होते. सरांनी ताबडतोब समोरच्या चौकीतून कॉन्स्टेबल ॲडोनिसला बोलावून घेतलं.

"या सगळ्यांनी पाहिलंय!" सर गरजले. "विचार त्यांना!"

ॲडोनिस वळला. सरांसमोर कधी मान वर न करणारी मिस योनेट पुढे झाली. तिने एकदा रोशनीच्या पंजाकडे पाहिलं.

"चापट मारली गेली, साहेब."

"चष्मा उडवला गेला," मागून गणिताचे मास्तर म्हणाले.

"पण कोणी?"

"ते सांगायची गरज नसते," योनेट म्हणाली. "आमच्या शाळेची पद्धत आहे."

हसू दाबायला दुलारीने, पदर नव्हता म्हणून, ॲप्रन तोंडाला लावला. सरांचा गाल लाल होताच, आता टक्कलही लाल झालं.

"हिनं! हिनं मारलं मला! या दुलारीनं! सगळ्यांच्या देखत!"

ॲडोनिसने शांतपणे मान डोलावली. त्यानेही याच शाळेत छड्या खाल्ल्या होत्या.

"वा, सर. कोणी मारलं, कोणाला मारलं, सगळं आलं." मग त्याने रोशनीचा सुजलेला हात अलगद उचलून सरांच्या टेबलावर ठेवला. "आता याचंही असंच एक वाक्य सांगा."