ऊब

इमारत कोसळल्याचा तिसरा दिवस. बचाव पथकातला कॅमेरेवाला उष्णता टिपणारा कॅमेरा थंडगार स्लॅबवरून फिरवत होता. पडद्यावर पाच केशरी बोटं उमटली. "हात! माझ्या लेकीचा हात!" त्याच्या खांद्यावरून डोकावणारी आई किंचाळली. "देव पावला गं बाई!" म्हणत आजी मटकन बसली. माणसं पहारी घेऊन धावली. कॅमेरेवाल्याने त्यांना थांबवलं. बोटं विझत चालली होती. "ताई, तो माझाच हात. आत्ताच हातमोजा काढून टेकलो होतो इथं. सिमेंटमध्ये ऊब राहते जराशी." "मेल्या, मोजा घालायला काय धाड भरली होती?" आजी कडाडली. त्याला एव्हाना शिवीही लागेना, आशीर्वादही लागेना. आईने स्लॅबवर तळहात टेकवला. "किती वेळ राहते?" "दोनेक मिनिटं." "आणि माणसात?" "खूप वेळ, ताई," सगळ्यांना देतो तेच उत्तर देऊन त्याने कॅमेरा पुढच्या स्लॅबकडे वळवला.