सहादेवचा ल्यूडो

इटलीच्या लढाईवरून रजेवर आलेला रंगनाथ पलटणीतल्या सहादेवच्या मरणाची बातमी सांगायला राहात्यात त्याच्या घरी गेला. पण सहादेवची आई गोजरबाई आणि बायको मनकर्णा हसतच दारात आल्या. त्यानं पिशवीतून नुसता एक खोका काढला.

"सहादेवनं तुमच्यासाठी घेतला हुता. नवा खेळ हाय. ल्यूडो म्हनत्यात."

"आपल्या सोंगट्यांच्या पटावानीच की रं," गोजरबाई पुठ्ठ्यावरून हात फिरवत म्हणाली. "पन कसा गुळगुळीत हाय बग!"

नवे कोरे रंग बघून म्हातारी पोरीसारखी खुलली. लाल सोंगट्या तिनं लेकाच्या नावानं मांडल्या. रंगनाथ फासा टाकून खेळ शिकवू लागला, आणि थोड्याच वेळात त्याच्या हातून तिची एक सोंगटी मारली गेली.

"ही मेली, मावशी. आता परत घरात ठिवायची."

"मेलेली घरी येती व्हय?" म्हातारी हसली. "मंग लई चांगला खेळ हाय ह्यो."

रंगनाथनं फासा खाली ठेवला आणि तोंड भिंतीकडं वळवलं. म्हातारी पटावर वाकून पुढचा डाव मागत राहिली. मनकर्णा मात्र त्याच्याकडंच बघत होती. पाण्याचा तांब्या घेऊन ती त्याच्याजवळ आली आणि सासूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"भावजी, माती तरी नीट झाली का त्यांची?"