मध्ये दोन तास हवेत

क्लेटननं यादी वाचली आणि इर्मासमोर परत सरकवली.

"जलशाचं पन्नासावं वर्ष आहे. या शनिवारी डेल्फा आणि हॉयट एकत्र गाणार. एक माइक, एक गाणं."

इर्मा पकेटनं चष्मा काढून पुसला. 'हिकरी गॅपचा जलसा' दर शनिवारी व्हायचा, टेनेसीच्या सात जिल्ह्यांत रेडिओवर ऐकला जायचा, आणि कोण कधी गाणार याची यादी एकतीस वर्षं तिच्याच हातची. कुणाच्या बॅंजोमागे कुणाला लावलं की रुसवे होतात, हे तिला तोंडपाठ होतं. त्या यादीतला एक नियम तर काळ्या दगडावरची रेघ होता. डेल्फा साडेसहाला, सगळ्यांत आधी. हॉयट नऊला, सगळ्यांत शेवटी.

दोघं एके काळी नवरा-बायको होती. जमलं तेही इर्माच्या यादीमुळेच, तिनंच त्यांना लागोपाठ लावलं होतं. पाच वर्षं संसार झाला. मग डेल्फाची आई, मॉडी, राहायला आली. गिटार वाजवणारा जावई तिला कधी पटला नव्हता, आणि तिनं ते सकाळ-संध्याकाळ बोलून दाखवलं. वर्षभरात घटस्फोट. तेव्हापासून दोघं एका छपराखाली कुणाला दिसली नव्हती. डेल्फा गाणं संपताच, टोपीसुद्धा न घालता, गाडीत बसून निघून जायची. ती गेल्यावर दीड तासानं हॉयटची गाडी आवारात शिरायची. लोक म्हणत, बाईनं हवेत सोडलेला श्वाससुद्धा त्याला नको असतो.

इर्मानं क्लेटनला हे सगळं पुन्हा सांगून पाहिलं. त्यानं ऐकून घेतलं. जलशाचा मालक असला तरी तो वाईट माणूस नव्हता, फक्त नवा होता. भांडण जितकं जुनं तितकी गर्दी जास्त, असा त्याचा हिशेब. एकत्र गाणार नसतील तर दोघांचीही नावं कायमची काढ, म्हणाला. शुक्रवारी दुपारी यादी छापायला जाणार होती.

मंगळवारी इर्मानं डेल्फाला फोन केला.

"त्याच्याबरोबर एका वेळी मला येता यायचं नाही, इर्मा. हवं तर मला पाचला लाव. रिकाम्या खुर्च्यांपुढे गाईन."

बुधवारी तिनं हॉयटला न्हाव्याच्या दुकानात गाठलं. सव्वासहा फूट उंच, आवाज असा की खिडकीची काच थरथरावी. तोंडाला साबण फासलेला. तो तसाच आरशातून तिच्याकडे बघून म्हणाला.

"डेल्फा तिथं असेल तर मी तिथं असू शकत नाही. साधं गणित आहे."

"पंधरा वर्षं झाली, हॉयट. एवढा राग पुरतो तरी कसा माणसाला?"

त्यावर न्हावीही थांबला. हॉयटनं वस्तऱ्याकडे बोट दाखवून त्याला चालू ठेवायला सांगितलं.

त्या संध्याकाळी इर्मा यादी समोर घेऊन बसली. त्या दोघांना यादीतून काढायचं म्हणजे स्वतःच्या हातानं जमवलेलं लग्न दुसऱ्यांदा मोडायचं. शिवाय खरं सांगायचं तर त्यांच्याशिवाय जलशात उरतं काय? लाकडी बूट आपटत नाचणारी सहा मुलं आणि पिठाच्या कंपनीची जाहिरात.

गुरुवारी सकाळी तिनं केळ्याचं पुडिंग केलं, झाकून गाडीत ठेवलं आणि चाळीस मिनिटांचा डोंगराचा रस्ता धरला. डेल्फाला समोरासमोर विनवायचं ठरलं होतं. मॉडी मध्ये पडली तर काय बोलायचं, तेही तिनं वाटेत घोकलं. म्हातारी त्र्याण्णव वर्षांची होती, नऊ वर्षांपूर्वी तिची नजर पार गेली होती, पण जीभ शाबूत असल्याचं इर्माला चर्चमधून कळत असे.

आवारात डेल्फाची गाडी नव्हती. तरी तिनं दार वाजवलं.

दार हॉयटनं उघडलं.

पायांत कापडी सपाता, खांद्यावर भांडी पुसायचं फडकं, एका हातात लापशीची वाटी. त्यानं घाईनं दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. इर्माच्या हातातलं पुडिंग कलंडलं, ते त्यानंच सावरलं.

"डेल्फा औषधं आणायला गेलीय," तो कुजबुजला. "आता बघितलंसच तर सांगतो. आम्ही दोघंही गायला आलो तर म्हातारीपाशी कोण बसणार?"

"आणि तिला... तिला चालतं?"

आतून काठी आपटल्याचा आवाज आला.

"वेंडल! कोण आलंय?"

हॉयटनं डोळे मिटले, खांदे पाडले आणि नाकातून, चिमटीत धरल्यासारखा बारीक आवाज काढला.

"मिस इर्मा आल्यात, मिस मॉडी. त्या जलशाची यादी करतात ना, त्या."

"आत पाठव तिला," म्हातारी म्हणाली. "आणि तिला सांग, त्या मेल्या हॉयटला आता पुरे करा म्हणावं. त्याच्यापेक्षा तू भांडी घासताना गुणगुणतोस ते कितीतरी बरं असतं. त्याच्या जागी तुझं नाव घालायला सांग."